चुका काढणारी मुलं

“तीन चतुर्थांश मोठे की दोन तृतीयांश?” आईनं तिसऱ्यांदा विचारलं.

“कशाचे?” गोटूनंही तिसऱ्यांदा विचारलं.

“कशाचेही.”

“कशाचेही कसं? लिंबाचे तीन चतुर्थांश आणि कलिंगडाचे दोन तृतीयांश घेतले, तर कलिंगडाचेच मोठे.”

तिनं डोळे मिटून घेतले. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे कापलेले गोल पसरले होते. त्यातला एक चहाच्या ओघळात भिजून वाकडा झाला होता. आतल्या खोलीत, जिथं ती दात बनवायचं काम करायची, तिथं कुण्या आजींची वरची कवळी मेणात अर्धवट बसवलेली पडली होती. दातांच्या डॉक्टरांचे सकाळपासून दोन फोन येऊन गेले होते. आजी सध्या सगळं पातळच खात होत्या, आणि डॉक्टर हे दर वेळी आधीपेक्षा जास्त करुण आवाजात सांगायचे.

“भिंगरी, तू सांग.”

भिंगरी दहा वर्षांची, गोटूपेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिनं मान वर न करता सांगितलं, “तीन चतुर्थांश. एकाच वस्तूचे असले तर.” मग जरा थांबून म्हणाली, “आई, मगाशी तू कोळ्याला सहा पाय असतात म्हणालीस, ती आजची चूक होती ना?”

“हो.”

“मला तर कळलंच होतं,” गोटू म्हणाला. “मुद्दाम चूक सांगायची असली की तू आधी खोकतेस.”

‘आजची चूक’ हा तिच्या वडिलांचा शोध. अण्णांनी आयुष्यभर एका मोठ्या शाळेत गणित शिकवलं, शेवटी शेवटी तिथंच मुख्याध्यापक झाले, आणि निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्यावर त्यांनी जाहीर केलं की नातवंडांना शाळेत घालायचं नाही, मी शिकवीन. लोक हसले. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची मुलं ओढून आणून वर्गात बसवली, त्यानंच असं म्हणावं! “आतून पाहिलीय ना मी शाळा,” अण्णा म्हणायचे. “एकदा फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित सोडवलं. सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. वर उत्तराखाली पट्टी धरून दोन रेघा मारल्या. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.”

म्हणून घरातल्या शाळेत रोजच्या शिकवण्यात ते एक खोटी गोष्ट बेमालूम मिसळून द्यायचे. ती संध्याकाळच्या चहाच्या आत पकडायची. पकडणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी काय शिकायचं ते ठरवायचं. कुणालाच सापडली नाही तर चहा पिता पिता अण्णा स्वतःच सांगून टाकायचे. मुलं त्यामुळे कान टवकारून ऐकायची. अण्णांचा चेहरा इतका सोज्वळ असायचा की, बेडूक नाकानं पाणी पितो असं त्यांनी सांगितलं तर तीसुद्धा क्षणभर विचारात पडायची.

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. कुणाला हाक नाही, काही नाही. भेटायला आलेली माणसं तिला म्हणाली, रडून घे, मोकळी हो. तिला वेळच झाला नाही, कारण चौथ्या दिवशी मुलं वह्या घेऊन टेबलाशी येऊन बसली होती आणि तेव्हापासून हे शिकवणं तिच्या गळ्यात पडलं होतं. पुठ्ठ्याचे गोल कापता कापता तिच्या नाकी नऊ आले होते. मुलांवर ओरडायचं, मग ओरडल्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं, मग वाईट वाटत असतानाच पुन्हा ओरडायचं, असा तिचा दिवस जायचा.

जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. तिनं ओळखलं आणि तिला टेबलाखाली लपून बसावंसं वाटलं. नवऱ्याची मोठी बहीण, ताई.

“किती गं बाई हे जिने!” ताई आत येऊन पहिल्या खुर्चीत कोसळली. “माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो म्हणतात, ती कुणाची?”

“इथली सोडून सगळ्यांची.” इमारतीतली लिफ्ट गेले कित्येक दिवस बंद होती आणि हा शेजाऱ्यांचाही आवडता विनोद होता. नवरा प्रत्येकाला समजावायचा की ती आमच्या कंपनीची नाही. ते कुणालाच पटायचं नाही.

ताईनं टेबलावरचे गोल पाहिले. “अजून चालूच का हे?”

“हे म्हणजे?”

“हेच गं, घरातली शाळा. अण्णा होते तोवर ठीक होतं. ते हेडमास्तर होते. तू दात करतेस.”

ते खरंच होतं. ती दातच करायची.

“रागावू नकोस, पण ही मुलं अशीच वाढणार का? आमच्याकडे बघ. कुणी मोठं माणूस खोलीत आलं की आमचा मुलगा उठून उभा राहतो. शाळेनं लावलेली शिस्त आहे ती.”

“किती वेळ?” गोटूनं विचारलं.

“काय किती वेळ?”

“किती वेळ उभा राहतो? मोठी माणसं सारखी आतबाहेर करत असली तर तो बसतो कधी?”

भिंगरीनं वहीत तोंड लपवलं. ताईनं भावजयीकडे असं पाहिलं, जसं काही तिचा मुद्दा या एका वाक्यात सिद्ध झाला होता. “ऐकलंस? हे असं. बरं, मी काय सांगते ते नीट ऐक. गुरुवारी अकरा वाजता मुख्याध्यापिकाबाईंनी वेळ दिलीय. वर्षाच्या मध्येच दोन जागा रिकाम्या झाल्यात, एरवी लोक रांगा लावतात तिथं. मी शब्द टाकलाय. माझं नाक कापू नका म्हणजे झालं.”

“मला कुणी विचारलं होतं?”

“त्याला विचारलं होतं मी.”

नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या कोपरांपर्यंत ग्रीस होतं. ती बेसिनपाशी त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

“तू ताईला सांगितलंस?”

“मी नुसतं म्हटलं होतं, बघ म्हणून.”

“माझ्याशी न बोलता.”

“तुझ्याशी काय बोलू? काही काढलं की तू म्हणतेस, अण्णांना आवडलं नसतं. त्याच्यापुढे मी काय बोलणार? आता ते काही येऊन सांगणार नाहीत, आवडलं की नाही ते.” बोलून झाल्यावर त्यालाच ते लागलं असावं. तो बराच वेळ साबण चोळत राहिला. “फीचं मी बघतो. पण तुझे हात दोनच आहेत. दिवसभर शिकवतेस, मुलं झोपल्यावर दात करतेस, आणि मधल्या वेळात आमच्यावर डाफरतेस. असं किती दिवस चालणार?”

ती चिडली. ताईवर चिडली, कारण ताई नेहमी बरोबर गोष्ट चुकीच्या तोंडानं सांगायची. नवऱ्यावर चिडली, कारण तो ओरडायला हवा तिथं समजूतदारपणा करायचा. आणि मनातल्या मनात, कुणाला कळू न देता, ती अण्णांवर चिडली. एवढा सगळा उपद्व्याप उभा करायचा आणि एका दुपारी मध्येच उठून जायचं, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. हातात घेतलेलं काम त्यांनी कधी अर्ध्यावर टाकलं नव्हतं. मुलं शाळेत गेली की टेबल रिकामं होईल, आणि मग अण्णा खरोखरच गेले असं होईल, हे तिला कळत होतं. पण ही काही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

बुधवारी आणखी एक झालं. समुद्रातल्या प्राण्यांचं चालू असताना गोटू ठासून म्हणाला, “देवमासा अंडी घालतो.”

“नाही रे. पिल्लांना दूध पाजतो तो. अंडी कुठली?”

“आजोबांनी सांगितलं होतं.”

“मग ती त्या दिवसाची चूक असणार.”

“नाहीच मुळी! त्या दिवशीची चूक मी पकडली होती, ती वेगळी होती.”

“गप रे!” भिंगरी एकदम खेकसली. “आई सांगतेय ना नाही घालत म्हणून? नाही घालत. पुढचं लिही.”

भिंगरी सहसा खेकसायची नाही. आजोबांचं नाव निघालं म्हणून पोरीला गलबलून आलं असेल, असं तिनं धरलं आणि विषय बदलला.

गुरुवारी चौघं शाळेत गेली. शाळा कुठं नाव ठेवावं अशी नव्हती. फरशी लख्ख, खिडक्या मोठ्या, प्रत्येक वर्गाच्या दारावर वेळापत्रक. मुख्याध्यापिका मऊ आवाजाच्या, नीटनेटक्या बाई होत्या. त्यांनी मुलांची नावं विचारली, वाचून घेतलं, दोन हिशेब घातले. दोघांनीही पटापट उत्तरं दिली. नवऱ्याचा चेहरा उजळत चालला होता. तिच्याही मनात आलं की, बरं आहे, आपण उगाच बाऊ केला.

“चला, तुम्हाला आमची शाळा दाखवते,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

लांबलचक ओसरीच्या भिंतीवर मोठाली चित्रं रंगवलेली होती. पोपट, घुबड, शहामृग, बगळा, गरुड.

“हे आमचं पक्ष्यांचं दालन. मुलांनो, हे सगळे पक्षी ओळखता येतात का बघा बरं.”

गोटू भिंतीच्या कडेकडेनं चालत गेला. एका चित्रापाशी थांबला. दोन पावलं मागे आला. त्याचे डोळे चमकले, पण त्याच्या तोंडावर हात ठेवायला ती फार लांब होती.

“सापडली!” तो ओरडला. “सापडली, सापडली! हे वटवाघूळ आहे! वटवाघूळ पक्षी नाही!” मग तो मुख्याध्यापिकांसमोर येऊन उभा राहिला आणि जाणकारासारखा म्हणाला, “चांगली होती, पण सोपी होती. आजोबा जास्त अवघड द्यायचे. आता उद्या काय शिकायचं ते मी ठरवणार.”

मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं थोडक्यात सांगितलं: अण्णा, रोजची चूक, संध्याकाळचा चहा. सांगताना ते सगळं फार वेडगळ वाटत होतं.

“घरी खेळ म्हणून ठीक आहे,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “इथं मात्र आम्ही मुलांना मोठ्यांच्या चुका काढायला शिकवत नाही.”

“पण ते वटवाघूळ आहे.”

“आमचे चित्रकार फार नावाजलेले आहेत.”

“असतील ना. वटवाघूळ त्यानं पक्षी होत नाही.”

“मुद्दा तो नाही.”

“तोच मुद्दा आहे,” ती म्हणाली आणि आपला आवाज ओसरीत घुमतोय हे तिला ऐकू आलं.

नवऱ्यानं तिच्या पायावर पाय दिला. “पाटी बदलली तर?” तो घाईघाईनं म्हणाला. “म्हणजे, पक्ष्यांऐवजी ‘उडणारे प्राणी’ असं लिहिलं तर कुणाचंच काही बिघडणार नाही.”

“बाबा, शहामृग उडत नाही,” गोटू म्हणाला.

यावर सगळी हसली असती तर वेळ निभावली असती. पण मुख्याध्यापिकांचं हसू केव्हाच मावळलं होतं. त्या म्हणाल्या, “शाळेत यायचं तर या मुलाला आधी बरंच काही विसरावं लागेल.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णांनी खपून बसवलेली गोष्ट आणि ही बाई म्हणते विसरा!

“आधी तुमची भिंत शाळेत घाला,” ती म्हणाली. “मग माझ्या मुलांचं बघू.”

तिनं गोटूचा हात धरला. भिंगरी जवळपास नव्हती. ती मागे एका वर्गाच्या दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. आत शिक्षिका काहीतरी सांगत होत्या आणि मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती, एवढंच तर होतं बघायला. तरी दोन हाका मारूनही ती हलली नाही. शेवटी ओढून आणावी लागली.

फाटकाबाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “तू तिथं भांडायलाच गेली होतीस.”

“गेले नव्हते. पण भांडले ते बरं केलं. मुलं घरीच शिकतील. विषय संपला.”

“हुर्रे!” गोटू ओरडला.

भिंगरी बसमध्ये खिडकीशी बसली आणि घर येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. संध्याकाळी ताईचा फोन आला. तो नवऱ्यानं घेतला आणि गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं, तरी ‘नाक’ हा शब्द आत ऐकू येत होता.

निर्णय एकदा झाला की हायसं वाटतं म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. शुक्रवारी ती मुलांना घेऊन बसली तेव्हा एखाद्या पैजेत अडकल्यासारखी शिकवत होती. मुख्याध्यापिका, ताई, नवरा, सगळे जणू टेबलाभोवती उभं राहून बघताहेत आणि आता हिला जमलंच पाहिजे. तिनं दातांच्या कामाची वेळ आणि मुलांच्या अभ्यासाची वेळ एकत्र करून टाकली. आतल्या खोलीत आपण काम करायचं, दार उघडं ठेवायचं आणि तिथूनच शिकवायचं. हे तिला फार शहाणपणाचं वाटलं.

सोमवारी ती प्लॅस्टर कालवत होती. पाणी पडलं की प्लॅस्टर कुणासाठी थांबत नाही. हात भराभर चालवायचा, बुडबुडे काढायचे आणि घट्ट व्हायच्या आत साच्यात ओतायचं. एकीकडे बाहेर गोटूला पाढे सांगणं चालू होतं.

“सात साते एकोणपन्नास. लिहिलंस? सात आठे चोपन्न. सात नव्वे त्रेसष्ट.”

बाहेर कुजबुज ऐकू आली.

“आईनं सांगितलं ते खोड. छप्पन्न लिही.”

“म्हणजे चूक सापडली! आई—”

“श्! ओरडू नकोस. तिला सांगायचं नाही.”

“का? ती खोकली नाही म्हणून?”

“हो. म्हणूनच.”

तिचा हात थांबला. प्लॅस्टरचं भांडं तसंच हातात घेऊन ती दारात आली. “मला सांगायचं नाही असं काय आहे गं?”

भिंगरीनं गोटूची वही झाकली. ती चोरी पकडली गेल्यासारखी दिसत नव्हती. घाबरली होती.

“काही नाही.”

“मी सात आठे चुकीचं सांगितलं, हो ना? मग ओरडून सांगायचं की. एरवी घर डोक्यावर घेता.”

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. मग फार हळू आवाजात तिनं विचारलं, “आई, तुलाही होतंय का?”

“मला? काय होतंय?”

“आजोबांना झालं होतं ते.”

ती खुर्ची ओढून बसली. भांडं तिनं टेबलावर, पुठ्ठ्याच्या गोलांवर ठेवलं.

“गोटू, गॅलरीतली झाडं तहानलीत. त्यांना पाणी घालून ये.”

“सकाळी घातलं.”

“आणखी घाल.”

तो कुरकुरत गेला. भिंगरी पेन्सिलीचं टोक नखानं सोलत सांगायला लागली. नीट, क्रमानं, अण्णांनीच शिकवलं होतं तसं.

“आधी एकच चूक असायची. मग दोन दोन व्हायला लागल्या. मी म्हटलं, आजोबा, आज दोन झाल्या, तर ते हसले. म्हणाले, शाबास, बघत होतो तुझं लक्ष आहे का. मग तीन. गोटूला वाटायचं आजोबा जास्त अवघड करताहेत. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा मी म्हटलं, चूक! आणि त्यांना कळलंच नाही की कुठली. ते वहीकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. त्यांचा चेहरा...” ती थांबली. “मग मी म्हटलं, नाही नाही आजोबा, माझंच चुकलं. तेव्हा कुठं ते हसले.”

“मग?”

“मग मी ओरडायचं बंद केलं. ते सांगतील ते ऐकून घ्यायचं आणि नंतर गोटूला गाठून बरोबर काय ते सांगायचं. मला माहीत नसलं तर पुस्तकात बघायचं. रोज एक चूक मात्र मी पकडायचे, नाहीतर त्यांना संशय आला असता. देवमाशाचं राहून गेलं. तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.”

आतल्या खोलीतून दिसायचं ते चित्र तिला आठवलं. टेबलाभोवती तिघांची डोकी, गोटूच्या आरोळ्या, ‘आज चार सापडल्या!’ आणि अण्णांचं ते मोठ्यानं हसणं. कानावर ते पडायचं आणि ती समाधानानं पुढचा दात घासायला घ्यायची. कधीकधी अण्णा दारात येऊन उभे राहायचे, ‘मी कशाला आलो होतो गं?’ म्हणायचे, आणि ती मान वर न करता म्हणायची, चहाला आला असाल.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू त्यांना शिकवू दिलं नसतंस.” भिंगरीनं खांदे उडवले. “मग ते दिवसभर काय करत बसले असते?”

तिनं हात पुढे केला, पण तो प्लॅस्टरनं माखलेला होता, म्हणून मागे घेतला. “हे बघ, मला काही झालेलं नाही. मी नुसती चुकले. एका हातानं प्लॅस्टर कालवत होते, तोंडानं पाढे चालले होते. सात आठे मला लहानपणापासून कधी आलेलं नाही. विचार अण्णांना—”

ती थांबली. गॅलरीत गोटू झाडांना काहीतरी समजावून सांगत होता.

“आई, मला शाळेत जायचंय,” भिंगरी म्हणाली.

“कुठल्या? त्या?”

“हं.”

“अगं, त्या बाईंनी वटवाघळाला पक्षी म्हटलं. वर कबूलही केलं नाही. तिथं रोज असलंच काहीतरी ऐकावं लागेल तुला.”

“मग ऐकीन की. त्यांचं चुकलं तर चुकलं. त्या माझ्या कोण लागतात?” तिचे डोळे भरून आले आणि ते तिला आवडलं नाही. तिनं बाहीनं रागारागानं पुसले. “घरी कुणी शिकवत असलं की मला सारखं लक्ष ठेवावं लागतं. आता तू काय म्हणालीस, ती चूक मुद्दाम की खरीच. गोटूनं काय लिहून घेतलं. मला दमायला होतं, आई. त्या वर्गात कुणीच लक्ष ठेवत नव्हतं. सगळे नुसते लिहीत होते.”

भांड्यातलं प्लॅस्टर केव्हाच दगड झालं होतं. तिनं चमचा हलवून पाहिला. तो आत पक्का रुतला होता.

सगळे मुद्दे तिच्याकडे तयार होते. गुरुवारपासून ती मनातल्या मनात त्यांना धार लावत बसली होती: माना डोलावणारी मुलं, बेगडी शिस्त, नावाजलेले चित्रकार. त्यातला एकही या पोरीसमोर काढण्यासारखा नव्हता. वैताग आला तिला. एवढं भांडून, ताईचं नाक कापून, नवऱ्याशी अबोला धरून राखलेलं घर, आणि त्यात ही एवढीशी मुलगी कितीतरी महिने एकटीच पहाऱ्यावर उभी होती. तिनं हात धुतले आणि फोन उचलला.

मुख्याध्यापिकांनी तिला बराच वेळ ताटकळत ठेवलं. ते तिच्या वाट्याला येणारच होतं.

“बोला,” त्या अखेर म्हणाल्या. “भिंतीबद्दल काही राहिलंय का?”

“नाही. मुलीबद्दल बोलायचंय. जागा अजून असली तर तिला पाठवायचं म्हणते.”

“त्या दिवशी आपण बरंच काही बोललात.”

“जरा जास्तच बोलले.” यापुढे ‘पण वटवाघूळ’ असं अगदी जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं, आणि अशी किती गिळावी लागणार आहेत याचा अंदाज येऊन तिला आत्तापासूनच थकवा आला. “माफ करा.”

“ठीक आहे. दोन्ही मुलांचं ना?”

“फक्त मुलीचं. मुलगा तूर्त घरीच राहील.”

“बरं,” मुख्याध्यापिका म्हणाल्या, आणि त्या ‘बरं’मध्ये इतकी सुटका भरली होती की तिला या बाईबद्दल पहिल्यांदाच थोडी माया वाटली. मग बूट काळेच हवेत, केस बांधलेले हवेत, उशीर चालणार नाही, असं पुष्कळ काही झालं. ती प्रत्येकाला हो म्हणत गेली. शेवटी त्यांनी विचारलं, “आत्तापर्यंत मुलीला कुणी शिकवलं म्हणालात?”

“माझ्या वडिलांनी.”

“चांगलं शिकवलंय. हिशेब पक्के आहेत तिचे. ते भेटायला येतील का एकदा?”

“नाही,” ती म्हणाली. “ते वारले.”

फोन ठेवून ती वळली तेव्हा भिंगरी कोचावर आडवी होती. एक पाय खाली लोंबत होता, पेन्सिल मुठीतच होती. दिवसाढवळ्या, सकाळी अकरा वाजता, मुलगी तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपली होती. तिनं पेन्सिल सोडवून घेतली, पाय वर उचलून ठेवला. तरी ती जागी झाली नाही.

गोटू रिकामी झारी घेऊन आला. “ही झोपली? आत्ता? अभ्यासाच्या वेळेला?”

“हळू बोल.”

“मग मला झोपलेलं का चालत नाही?”

“हळू बोल म्हणते ना.”

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिनं झडप घालून उचलला. नवरा होता. कुठल्याशा उंच इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यातून बोलत होता. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता.

“भिंगरी पुढच्या सोमवारपासून शाळेत जातेय,” ती कुजबुजली. “मी आत्ताच बोलले बाईंशी.”

“काय? कुठल्या बाईंशी?” विहिरीत शब्द आदळले. “आणि गोटू?”

“तो घरी.”

“एकाच घरात दोन तऱ्हा? ताईला काय सांगू मी?”

“तुझी बहीण आहे. तुला सुचेल ते सांग.”

“अगं पण गुरुवारी तर तू... आणि तू कुजबुजतेस कशाला?”

“भिंगरी झोपलीय.”

“या वेळेला? बरं नाही का तिला?”

“बरी आहे. दमलीय. घरी आलास की सांगते सगळं.”

पलीकडे थोडा वेळ नुसती घरघर ऐकू आली. मग तो म्हणाला, “बरं, झोपू दे तिला.” शहराच्या दुसऱ्या टोकाला, जमिनीखाली, चारी बाजूंनी काँक्रीट असलेल्या खड्ड्यात उभा राहून तोही आता कुजबुजत होता.